पश्चिमेची भिंत

सशाला घर बांधायचं म्हटलं की जे आराखडे हाती येतात ते बहुतेक थंड मुलुखातले असतात. छपरावर डांबरी कागद, बर्फ घसरून पडावं म्हणून दिलेला उतार, रात्री दारावर सोडायची जाड गोधडी आणि शत्रू म्हणून कोल्हा. आराखडा करणाऱ्याला काळजी एकच, ससा गारठू नये. जालना जिल्ह्यात ससा गारठ्याने मरत नाही. पौषात पहाटे पारा दहाच्या खाली उतरला तरी अंगावरची लोकर त्याला पुरते. उलट तेव्हाच तो खुलतो, जागच्या जागी उडी मारून हवेत अंग मुरडतो. इथे तो मरतो चैत्र-वैशाखात, दुपारी दोन ते पाचच्या मधे, पत्र्याखाली, आणि फारसा आवाज न करता.

सशाला घाम येत नाही. कुत्र्याला निदान धापा टाकून अंग निववता येतं, सशाला तेही नीट जमत नाही. त्याच्याकडे आहेत कान. पातळ कातडीखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असलेले हे लांब कान उभे धरले की रक्तातली उष्णता बाहेरच्या हवेत जाते. पण उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, हे मी सातवीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवलं आहे. सशाचं स्वतःचं अंग 38.5 ते 40 अंश सेल्सिअस. वैशाखात आमच्या अंबडला सावलीत 42 अंश सहज होतात. हवा सशापेक्षा गरम झाली की कान उष्णता बाहेर टाकायच्या ऐवजी आत घ्यायला लागतात. एवढं एक लक्षात आलं की घराचा निम्मा आराखडा ठरूनच जातो.

आमच्याकडचे दोन ससे पुण्याहून आले. नातीच्या वाढदिवसाला कोणीतरी टोपलीत घालून दिलेली पिल्लं. चार महिन्यांत त्यांनी टीव्हीची वायर, सोफ्याचा कोपरा आणि तिच्या वडिलांची सहनशक्ती कुरतडून टाकली. मग फ्लॅटमध्ये जे नेहमी ठरतं ते ठरलं, आजीकडे पाठवू, तिथे मोकळी हवा आहे. शहराला नकोशी झालेली जनावरं गावी धाडायची पद्धत तशी जुनीच आहे. म्हातारं कुत्रं, मोठं झालेलं कासव, शिकवलेलं बोलेना म्हणून कंटाळा आलेला पोपट, सगळ्यांना गावची मोकळी हवा मानवते असा एक ठाम समज आहे. मोकळी हवा आमच्याकडे आहे खरी, पण ती किती अंशांची, हे कोणी विचारत नाही. ते ससे दिवाळीनंतर आले एवढं त्यांचं नशीब. उन्हाळ्याआधी हाताशी वेळ होता.

मिस्त्री आले तेव्हा मी अंगणात खडूने चौकोन आखत होते.

"बाई, कोंबड्याला खुराडं करायलात का?"

"सशाला घर करायचंय."

"सशाला?" ते हसले. "रानात एवढाले ससे फिरायलेत. कोणी बांधून दिलंय त्यांना?"

प्रश्न रास्त होता, आणि अंगणात डोकावणारा प्रत्येक माणूस तोच विचारत होता. तुरीच्या, हरभऱ्याच्या शेतात रात्री मोटरसायकलच्या उजेडात जो दचकून पळतो तो आपला रानससा वेगळ्या जातीचा. तो बीळ खणत नाही. एखाद्या झुडपाखाली, ढेकळांच्या आडोशाला अंगापुरता खळगा करून निजतो आणि ऊन फिरलं की जागा बदलतो. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात, कारण उघड्या रानात आंधळं राहून चालत नाही. (त्याला धरून घरी पाळायचा विचार कोणी करत असेल तर 1972 चा वन्यजीव कायदा आड येतो, हे सांगितलेलं बरं.) पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. पांढरा, काबरा, लांब केसांचा, कान पडलेला, जगातल्या सगळ्या पाळीव जाती त्या एकाच मुळातून निघालेल्या. तो खणणारा आहे. त्याची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात, कारण ती जमिनीच्या पोटात सुरक्षित असतात. ऊन असो, शिकारी असो, त्याचा एकच उपाय असतो, आत जाणं.

म्हणजे सशाला पेटीत ठेवतो तेव्हा आपण त्याचं बीळ जमिनीतून उपटतो आणि चार पायांवर उन्हात उभं करतो. मग बिळाची कामं त्या पेटीने करायला हवीत. अंधार, गारवा, आत शिरून दिसेनासं व्हायची सोय आणि धोका आला तर निसटायला दुसरी वाट. बाजारात मिळणारा पिंजरा यांतलं काहीच करत नाही. तो चारी बाजूंनी उघडा असतो, कारण तो सशासाठी केलेलाच नसतो, बघणाऱ्यासाठी केलेला असतो. बांधकामात पुढे जिथे जिथे अडलं तिथे तिथे प्रश्न हाच निघाला, की ही गोष्ट सशाच्या अंगाला हवी आहे की माझ्या डोळ्यांना.

जागा निवडणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तिथे कडुलिंबाने काम सोपं केलं. लिंबाला चैत्रात नवी पालवी फुटते, त्यामुळे वैशाखात, जेव्हा सावलीची खरी गरज, तेव्हा तो भरगच्च असतो. बाभळीची सावली विरळ, शेवग्याची त्याहून विरळ. लिंब आमच्या घराच्या पूर्वेला आहे, तेव्हा दुपारी तीननंतर घराची सावलीही त्यावर येऊन पडते. दोन सावल्या एकावर एक मिळणारी जागा अंगणात एवढीच होती. नातीला ससे व्हरांड्यासमोर, झोपाळ्यावरून दिसतील असे हवे होते. तिथे दुपारभर ऊन.

पण लिंबाखाली जमीन काळी. काळ्या मातीवर काही उभं करणाऱ्याला तिचा स्वभाव ठाऊक असतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात नुसता खांब रोवला तर वर्षाच्या आत तो कलतो, दाराची चौकट तिरकी होते आणि कडी कोयंड्यात बसेनाशी होते. सशाच्या घराला एवढी फट म्हणजे मुंगसाला आमंत्रण. म्हणून मिस्त्रींनी पायांच्या चार जागी मुरूम लागेपर्यंत खणलं, खाली दगड बसवले आणि खड्डे मुरमानेच भरून ठोकून घेतले. समोरच्या फिरायच्या आवारालाही वीतभर मुरमाचा ओटा केला, नाहीतर आषाढात तिथे चिखलाशिवाय काही राहिलं नसतं.

छपराचा विषय निघाला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "पत्रा टाकू, झालं." आमच्या नात्यातल्या एका घरी पत्र्याखाली ठेवलेला ससा एका दुपारीत गेला होता, ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "तुमच्या लहानपणचं घर कशाचं होतं?" ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि धाब्याच्या घराची सगळी कृती सांगायला लागले. लाकडी तुळया, त्यांवर आडवी छोटी लाकडं, त्यांवर लिंबाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून, आणि वर गावठाणातली पांढरी माती चांगली जाड थापलेली. भिंती दोन-अडीच हात रुंद. मधोमध साणं, त्यातून उजेड आत येतो आणि गरम हवा वर निघून जाते. मराठवाड्यातल्या दोन-चार पिढ्या अशा घरांत वैशाख काढून गेल्या. भिंत जाड असल्यामुळे दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होई, आणि रात्री माणसं माळवदावर निजत. मग सगळ्यांनी ती घरं पाडून सिमेंटचे स्लॅब घातले. कारणं खोटी नव्हती. माती दर पावसाळ्याआधी टाकावी लागे, छप्पर गळे, विंचू-काटा असे आणि 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तर मातीच्या जाड भिंतींची भीतीच बसली. आता आम्ही स्लॅबखाली कूलर लावून झोपतो, वीज गेली की बाहेर येऊन बसतो.

सशाच्या छपराला मात्र भूकंपाची भीती नव्हती. आम्ही त्याला धाबं केलं. पूर्ण नाही, कारण पेटीच्या चौकटीला तेवढं वजन पेललं नसतं. बारीक तुराट्या जवळजवळ बांधून तट्टा केला, त्यावर पांढरी माती, शेण आणि गव्हाचा भुसा कालवून दोन बोटं जाड थर थापला. हे झालं आतलं छत. त्याच्या वर वीतभर मोकळी जागा ठेवून उतरता पत्रा, पावसासाठी. पत्र्याला चुन्याचा पांढरा हात. ऊन पत्र्यावर पडतं, निम्मं चुना परतवतो, पत्रा तापला तरी मधून वारा वाहतो आणि उरलेलं मातीत मुरतं. तुराट्यांऐवजी पऱ्हाट्या चालल्या असत्या आणि त्या फुकट मिळाल्या असत्या, पण कापसाच्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते. कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय की हंगाम संपला की त्या साठवू नका. शेजारी कापूस असताना अंगणात पऱ्हाट्यांचं छप्पर उभारणं बरं दिसलं नसतं.

आता भिंती. इथे माझा भूगोल कामाला आला. अंबडवर मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे कडक उन्हाळ्यात दक्षिणेकडून ऊन आत शिरतच नाही, मार असतो छपरावर. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर असतो आणि दक्षिणेकडून तिरपा आत येतो, तेव्हा तो हवाच असतो. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम आणि तोंड दक्षिणेला. उत्तरेच्या भिंतीला छताखाली लांबट झरोका ठेवला, साण्याच्या जागी. आणि पश्चिम पूर्ण बंद. उतरतं ऊन पश्चिमेकडून येतं, ते सगळ्यांत वाईट, कारण तोवर जमीन, दगड, भिंती सगळं तापलेलं असतं. पावसाळ्यातली झडही तिकडूनच येते. एका भिंतीने दोन्ही अडतात. ही भिंत आम्ही कुडाची केली. तुराट्यांचा कूड, दोन्हीकडून मातीने लिंपलेला, आणि आतून जाळी, कारण सशाला तुराट्या म्हणजे जेवण.

पश्चिमेला खिडकी हवी असा नातीचा हट्ट होता, कारण झोपाळा पश्चिमेला आहे. तिथे मी ऐकलं नाही.

लोखंड जालन्याहून आणलं. आमच्या जिल्ह्याची कीर्ती बियाण्यांची, मोसंबीची आणि लोखंडाची. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत देशभरचं भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होऊन बाहेर पडतात. तेव्हा लोखंडासाठी अडत नाही. दीड इंची अँगलची चौकट वेल्डिंग करून घेतली, तिला रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, आत दोन फूट उंच, म्हणजे ससा मागच्या पायांवर ताठ उभा राहिला तरी कान छताला टेकत नाहीत. तळ जमिनीपासून अडीच फुटांवर, साफ करताना माझी कंबर मोडू नये म्हणून. हे मात्र माझ्यासाठी. पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा लाकडी पडदी घालून अंधारी खोली केली. पडदीला खाली एक दार आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक, कारण दोघांतल्या एकाने दार अडवून धरलं तर दुसऱ्याला बाहेर पडता आलं पाहिजे.

तळाला बहुतेक लोक पूर्ण जाळी घालतात. लेंड्या खाली पडतात, झाडलोट वाचते. पण सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसते केस असतात. सतत तारेवर बसून ते झिजतात, जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. इथे सशाच्याच एका सवयीने तोडगा दिला. ससा मुतायला एक कोपरा ठरवतो आणि सहसा तोच पाळतो. आठवडाभर जुन्या फळीवर ठेवून कोपरा कोणता ते बघितलं, तेवढ्या भागाला अर्धा बाय एक इंची जाळी आणि खाली पत्र्याचा ट्रे. बाकी सगळी फळी, वर वाळलेलं गवत. सशाच्या मुतात चुना फार, पांढरा थर धरतो. तो ट्रेवरून निघायला व्हिनेगर लागतं.

शत्रूंचं गणित इथे वेगळं. कोल्हा आमच्या शिवारातही आहे, पण गल्लीत येत नाही. गल्लीत असतात बोके, भटकी कुत्री, रात्री घुशी आणि दिवसाढवळ्या मुंगूस. वरून शिक्रा. मुंगसाला अंगठ्याएवढं भोक दिसलं की ते प्रयत्न सुरू करतं. कोंबड्यांसाठी मिळते ती षटकोनी बारीक तारेची जाळी सशाला उपयोगाची नाही. ससा ती आतून तोडतो, कुत्रं बाहेरून. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी घ्यावी, थोडी महाग पडते. फिरायचं आवार दहा फूट बाय सहा फूट, तीन फूट उंच, वरूनही जाळी. आणि आवाराच्या पायथ्याला जाळी खाली पुरण्यापेक्षा बाहेरच्या अंगाला दीड फूट आडवी अंथरून वर माती टाकली. खणणारं जनावर कुंपणाला नाक लावूनच खणायला लागतं, त्याच्या पंजाला पहिल्याच वारात तार लागते, आणि मागे सरकून लांबून भुयार खणावं एवढं डोकं ते चालवत नाही. दाराला नुसती कडी नाही, कडीत खिट्टी.

मुंग्यांचा विचार कुठल्याच परदेशी आराखड्यात नसतो. नवजात पिल्लं असतील तर तांबड्या मुंग्या रात्रीत घात करतात. त्यासाठी उपाय माझ्या आईच्या स्वयंपाकघरातला. दुधाच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय ती पाण्याच्या वाट्यांत ठेवायची. सशाच्या घराच्या चार पायांना चार पसरट वाट्या आल्या, फक्त पाणी आठवणीने बदलावं लागतं, नाहीतर डास होतात.

सशाला अडवायला माणसाने काय काय केलं याचा सगळ्यांत मोठा नमुना ऑस्ट्रेलियात आहे. 1859 मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून व्हिक्टोरियातल्या आपल्या जमिनीवर इंग्लंडहून मागवलेले दोन डझन ससे सोडले. पन्नास वर्षांच्या आत त्यांनी अर्धा खंड खाऊन काढला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1901 ते 1907 या काळात उत्तर-दक्षिण कुंपण घातलं, पहिलीच ओळ 1,800 किलोमीटरांहून लांब. ती पुरी व्हायच्या आत ससे पलीकडे पोचलेले होते. मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग आपल्या जाळीचा काय भरवसा?" आपल्या बाजूला दोनच आहेत, म्हटलं.

दोनच राहावेत याची व्यवस्था मात्र करावी लागते. मादी चार-पाच महिन्यांत वयात येते, गाभण राहिल्यापासून 31 दिवसांच्या आसपास विते आणि व्याल्याच्या दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. दुकानदाराने सांगितलेल्या नर-मादीवर विश्वास ठेवून घराचं माप ठरवू नये. पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी आणि नराची शस्त्रक्रिया करून टाकावी. आमच्याकडचे दोन्ही "भाऊ" होते. त्यांतला एक भाऊ नव्हता.

घर झालं आणि नात सुट्टीत आली. तिचा पहिला प्रश्न, "आजी, ससे कुठेत?" दिवसा ते अंधाऱ्या खोलीत असतात. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडणारा प्राणी, भर दुपारी तो दिसावा ही अपेक्षाच चुकीची. ती हिरमुसली. मला तिची दया आली, पण पडदीला काच लावायची तिची सूचना मी मान्य केली नाही. ससा हे सगळ्यांचं खाद्य आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मागचं, वरचं सगळं दिसावं म्हणून. त्याला न दिसणारी जागा एकच, अगदी नाकासमोरची. चहूकडे बघत राहण्याचं हे काम त्याला फक्त अंधारात, पाठीला भिंत असताना सोडता येतं. वारो नावाच्या रोमन लेखकाने वयाच्या ऐंशीव्या वर्षी, इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास, शेतीवर पुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात ससे राखायच्या आवाराचं वर्णन आहे. भिंत अशी असावी की रानमांजर आत शिरू नये, आत झुडपं-गवत असावं म्हणजे दिवसा सशांना दडता येईल, आणि पसरट फांद्यांची झाडं असावीत म्हणजे गरुडाला झेप घेता येणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या म्हाताऱ्याला दडायची जागा आणि वरचं झाड सुचलं होतं. त्याचे ससे ताटात जाणारे होते तरीही. आपले ससे लाडके आणि त्यांना आपण चौफेर जाळीत ठेवतो. इंग्लंडातली सशांच्या कल्याणासाठी झटणारी संस्था आता नुसती पेटी पुरत नाही असंच सांगते. जोडीसाठी तीन मीटर बाय दोन मीटर बाय एक मीटर जागा सतत मोकळी हवी, हे त्यांचं किमान माप.

आवारात एक रांजण आहे, तो या सगळ्या बांधकामातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी भाग. बूड फुटलेला जुना रांजण परसात पडून होता. तो आडवा करून मुरमात निम्म्याहून जास्त पुरला, वर माती आणि हरळी लावली. तोंड एकीकडे, फुटलेलं बूड दुसरीकडे, दोन वाटा आपोआप झाल्या. उन्हाळ्यात भोवतीची माती सकाळी ओली केली की दुपारी आत हात घालून फरक कळतो. ससे घर सोडून तिथेच पडून असतात. मिस्त्री हे बघून म्हणाले, "एवढंच पाहिजे होतं तर मला कशाला बोलावलं?" त्यांचं म्हणणं तितकंसं खोटं नाही. पण आषाढात त्याच रांजणात पाणी झिरपतं, आणि तेव्हा उंचावरच्या फळीची किंमत कळते.

खाण्याचं जास्त लिहीत नाही. गाजर हे सशाचं अन्न आहे ही चित्रातली समजूत, त्याला हवं असतं गवत, दिवसभर, भरपूर. दात सतत वाढतात, ते चावूनच झिजतात. हरळी, वाळलेलं गवत, थोडा लसूणघास. आणि आमच्या जिल्ह्याची मेहेरबानी म्हणजे तुती. 2018 मध्ये जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली आणि आसपास तुतीचे मळे वाढले. तुतीचा पाला ससा आवडीने खातो, काडी सोलून दात घासतो. शिवाय रेशीमवाल्याच्या मळ्यात फवारणी नसते, कारण औषधाच्या नुसत्या वाऱ्यानेही अळ्या मरतात. बाजारातल्या कोथिंबिरीपेक्षा त्या पाल्याची खात्री जास्त. बदल्यात आम्ही लेंड्या देतो. सशाच्या लेंड्या कुजवायला लागत नाहीत, थेट झाडाच्या बुडाशी टाकता येतात.

वैशाखातल्या दिवसाचा क्रम ठरलेला आहे. सकाळी मातीच्या परळात पाणी. प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी दुपारी चहा करता येईल इतकं तापतं. अकराला दक्षिणेच्या जाळीवर ओलं बारदान. आमची उन्हाळी हवा कोरडी, पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. हीच युक्ती जुलैत करू नये. तेव्हा हवाच दमट असते, बारदान नुसतं कुबट होतं, अंगावर खरूज येते, आणि शेपटीखाली घाण राहिली तर माश्या अंडी घालतात. पावसाळ्यात रोज ससा उचलून मागून बघायचा, गवत कोरडं ठेवायचं. ससा कान मागे टाकून, तोंड उघडून श्वास घ्यायला लागला तर वेळ फार थोडा असतो. कान साध्या पाण्याने ओले करायचे, सावलीत वाऱ्यावर घ्यायचा, बर्फाच्या पाण्यात बुडवायचा नाही, आणि डॉक्टरांना फोन.

हे सगळं करायला माणूस रिकामा हवा, आणि मी निवृत्त आहे. शेतावर राबणाऱ्या घरात दुपारी अकराला बारदान कोण भिजवणार? म्हणून माझी विनंती पुण्या-मुंबईच्या मंडळींना आहे. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे तुमचं पाचवीतलं पोर कॉलेजात जाईपर्यंत. तो गावी पाठवायचा विचार मनात आला तर आधी गावच्या माणसाला एक फोन करा. मोकळ्या हवेचं विचारू नका. मे महिन्यात दुपारी तीन वाजता सावली कुठे असते आणि पश्चिमेला भिंत आहे का, एवढं विचारा. उत्तर नीट आलं नाही तर ससा तुमच्याकडेच राहू द्या, सोफ्याच्या कोपऱ्यासकट.